फाटक्या पोत्याचा दोर आणि राखणीची गोफण

(शेतकरी बंधुभगिनींसाठी भाषण. बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी)



आज आपण एका साध्या पण रोजच्या कामाच्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. खताची जी प्लॅस्टिकची पोती आपल्या घरी येतात, ती रिकामी झाल्यावर आणि पुढं फाटल्यावर त्यांचं काय करायचं? काही गोठ्याच्या कुडाला लावतात, काही बांधावर टाकतात, काही पेटवून देतात. या फाटक्या पोत्यापासून घरच्या घरी दोर कसा वळायचा, राखणीची गोफण कशी करायची, आणि हा दोर कुठं वापरायचा नाही, हे आज सांगणार आहे. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून पत्रक शेवटपर्यंत वाचा.

वाखाची जागा प्लॅस्टिकनं घेतली

आपल्या भागात पूर्वी ज्वारीच्या पाटाला, बांधाच्या कडेला अंबाडी असायचीच. तिची भाजी व्हायची, बोंडांची चटणी व्हायची आणि काड्या पाण्यात भिजत घालून त्यांचा वाख निघायचा. गावातली मातंग मंडळी त्या वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटं, सोल वळून द्यायची. पोळ्याला बैलांच्या अंगावर नवी म्होरकी आणि नवा कासरा चढायचा, तो त्यांच्याच हातचा. ते मोठं कसबाचं काम होतं. पुढं कापूस आणि सोयाबीन वाढलं, अंबाडी कमी झाली, विहिरींचं आणि ओढ्यांचं पाणी आटलं, मग वाख भिजवायचा कुठं? बाजारात नायलॉनचा दोर आला आणि आपण तो विकत घेऊ लागलो.

खताच्या पोत्याचंही तसंच झालं. पूर्वी पोतं तागाचं होतं. फाटलं की त्याची सुतळी निघायची, आणि बांधावर पडलं तर कुजून माती व्हायचं. आता खताचं पोतं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेलं असतं. ते कुजत नाही. उन्हात पडून राहिलं की त्याचा भुगा होतो, तुकडे होतात, आणि ते तुकडे नांगराबरोबर मातीत जातात. चाऱ्यात मिसळले तर जनावराच्या पोटात जातात. गाईच्या पोटात गेलेलं प्लॅस्टिक पचत नाही. शेणावाटेही ते सगळं बाहेर पडत नाही. थोडं थोडं साठत जातं, त्याचा गोळा होतो, जनावर रवंथ सोडतं, पोट फुगतं, आणि शेवटी ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. म्हणून सांगतो, फाटकं पोतं म्हणजे नुसता कचरा समजू नका. त्याला कामाला लावा, नाहीतर ते आपल्याला कामाला लावील.

कोणतं पोतं घ्यावं?

पहिली गोष्ट, अखंड पोतं फाडू नका. अखंड पोत्यात धान्य नाही तरी सरकी, भुसा, शेणखत, गोवऱ्या भरता येतात. दोर करायचा तो फाटक्या पोत्याचा.

दुसरी गोष्ट, कीटकनाशकाची पिशवी, डबा, बाटली, किंवा विषारी औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी या कामाला मुळीच घेऊ नका. त्यातलं विष धुऊन पूर्ण जात नाही, आणि दोर तर आपण दातानंसुद्धा ओढतो.

तिसरी गोष्ट, पोतं उन्हानं खाल्लेलं आहे का ते बघा. एक पट्टी उपसा आणि चिमटीत धरून चोळा. पट्टी शाबूत राहिली तर पोतं चांगलं. पांढरी भुकटी पडली किंवा पट्टी कटकन तुटली, तर त्या पोत्याचा दोर करू नका, ते भंगारात द्या. उन्हानं मेलेल्या पट्टीला कितीही पीळ दिला तरी तिच्यात जीव येत नाही.

आधी धुवा, पण पाणी सांभाळा

युरियाचं पोतं असेल तर ते उलटं करून झटका आणि दोनदा साध्या पाण्यानं खळबळून धुवा. हे धुतलेलं पाणी जनावराच्या हौदात, डोणीत किंवा ती पाणी पितात त्या डबक्यात जाता कामा नये. युरिया जनावराच्या पोटात जास्त गेला तर विषबाधा होते. लाळ गळते, अंग थरथरतं, पोट फुगतं, आणि हे सगळं फार थोड्या वेळात घडतं. तसं दिसलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. न धुतलेलं पोतं गोठ्यात टाकू नका, कारण मिठासारखी चव लागते म्हणून जनावर ते चाटत बसतं. धुतलेलं पाणी लिंबाच्या, आंब्याच्या आळ्यात ओता. झाडाला तेवढंच खत मिळेल.

पोतं उसवण्याची रीत

एक जुनं लुगडं किंवा ताडपत्री अंथरून त्यावर बसा, म्हणजे तुकडे अंगणात सांडणार नाहीत. पोत्याची तळची शिवण तशीच ठेवा. वरची दुमडलेली कड कात्रीनं काढून टाका. आता कडेची आडवी पट्टी हाताला लागेल. ती धरून गोल गोल उसवत जा. ही आडवी पट्टी लांबच लांब निघते. ती काडीवर गुंडाळत जा. आडव्या पट्ट्या निघाल्या की उभ्या पट्ट्या झिपऱ्यांसारख्या मोकळ्या होतात. त्या तळाशी कापून घ्या. त्या पोत्याच्या उंचीएवढ्या, म्हणजे साधारण ३ फूट भरतात.

काही पोत्यांना आतून पातळ थर चिकटवलेला असतो. ती उसवत नाहीत. त्यांच्या दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात आणि त्या कामापुरत्या वळाव्यात. त्यांचा दोर तितका एकसारखा होत नाही.

एका पोत्यात दोर किती निघतो, याचा हिशेब असा. समजा पोत्याचा घेर ४८ इंच आहे आणि इंचाला १० पट्ट्या आहेत. म्हणजे उभ्या पट्ट्या झाल्या ४८०. प्रत्येक पट्टी ३ फूट धरली तर एकूण १४४० फूट. आपण तीन पेडांचा दोर करणार, प्रत्येक पेडात २० पट्ट्या, म्हणजे दोराच्या जाडीत ६० पट्ट्या. १४४० ला ६० नं भागलं की आले २४ फूट. पिळात आणि जोडात चौथाई जाते. राहिला १८ फूट दोर. एका फाटक्या पोत्याच्या नुसत्या उभ्या पट्ट्यांतून एक कासरा निघाला! आडव्या पट्ट्या अजून शिल्लकच आहेत. आपल्या पोत्याच्या पट्ट्या मोजून हाच हिशेब आपण करून बघा.

दोर वळताना

वाखाचा दोर वळणाऱ्याला ही रीत सांगायला नको. नवख्यांसाठी सांगतो.

१. २० पट्ट्यांचा एक झुबका, असे तीन झुबके घ्या. एकाच झुबक्यातल्या सगळ्या पट्ट्या एका ठिकाणी संपू देऊ नका. त्या मागं-पुढं सरकवून ठेवा. एक पट्टी संपत आली की नवी तिच्यात वीतभर आत घाला. सगळे जोड एका जागी आले तर दोर तिथंच तुटणार, हे नक्की.

२. प्रत्येक पेडाला एकाच दिशेनं पीळ भरा. समजा, उजव्या हातानं पुढच्या अंगाला.

३. तिन्ही पेड भरून झाले की ते एकमेकांवर उलट दिशेनं वळा. इथंच दोराची सगळी करामत आहे. प्रत्येक पेड उलगडायला बघतो, आणि त्याच्या उलगडण्यानंच तिन्ही पेड एकमेकांना घट्ट आवळतात. दोन्ही पीळ एकाच दिशेनं दिले तर हातातून सोडताच दोर मोकळा होतो.

४. लांब दोर करायचा असेल तर तीन माणसं लागतात. एकानं आकड्यानं पीळ भरायचा, दुसऱ्यानं समोरचं टोक ताणून धरायचं, आणि तिसऱ्यानं तीन खाचांचा लाकडी ठोकळा पेडांच्या मधे धरून हळूहळू सरकायचं. ठोकळ्यामुळं पेड एकसारखे बसतात.

५. आपल्यात म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती काथ्या-वाखाच्या दोराची. प्लॅस्टिकचा स्वभाव उलटा. त्याला पीळ लवकर मानवत नाही, तो उसळी मारतो. म्हणून वळलेला दोर दोन झाडांमधे ताणून रात्रभर तसाच ठेवा. एका टोकाला जड धोंडा टांगला तरी चालेल. सकाळी पीळ बसलेला दिसेल.

६. टोकं पेटवून चिकटवण्याची अनेकांना सवय आहे. त्यानं धूर नाकात जातो, वितळलेला थेंब बोटावर पडला तर कातडी घेऊनच निघतो, आणि टोक काट्यासारखं कडक होतं. त्यापेक्षा टोकाला सुती दोऱ्याचे दहा-बारा वेढे घट्ट मारा.

राखणीची गोफण

आता गोफणीकडं वळू. रब्बी ज्वारी दाणे भरू लागली, हुरड्यावर आली, की चिमण्या आणि राघूंचे थवे उतरतात. सूर्य उगवल्यावर दोन-तीन तास आणि दिवस मावळायच्या आधी दोन तास, या वेळा त्यांच्या. माळ्यावर उभं राहून हाळी द्यायची आणि गोफण फिरवायची, ही आपली जुनी राखण. शेतात सगळ्यांच्या आधी पिकणारा तुकडा असेल तर थवा तिथंच उतरतो. म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरलं, तर पाखरांची झळ एकट्यावर येत नाही, वाटून जाते.

गोफणीचे भाग तीन. मधली खोबण, एका बाजूची बोटात अडकवायची दोरी, आणि दुसऱ्या बाजूची सोडायची दोरी.

गोफणीच्या दोऱ्या पिळाच्या करू नका, वेणीच्या करा. कारण गोफण डोक्यावर गरगर फिरते. पिळाची दोरी फिरता फिरता उलगडते, वेणी उलगडत नाही. हे काम आमच्या भगिनींना कुणी शिकवायला नको. गुंडाळून ठेवलेल्या लांब आडव्या पट्ट्यांतून ४-४ फुटांचे तुकडे कापा. ८ तुकड्यांचा एक पदर, असे तीन पदर घ्या आणि तिपेडी वेणी घाला. विणून ३ फुटांची दोरी होईल. अशा दोन दोऱ्या करा. गोफणीच्या दोरीत मधे जोड नको. जोड निसटला तर गुंडा कुठं जाईल याचा नेम नाही.

खोबणीसाठी पोत्याचा चार पदरी तुकडा घ्या, ८ इंच लांब आणि ४ इंच रुंद. नुसतं प्लॅस्टिक गुळगुळीत असतं, त्यावरून गुंडा घसरतो. म्हणून आतल्या बाजूला जाड सुती कापड लावा आणि दाभणानं टीप मारा. जुन्या ट्यूबचा तुकडा असेल तर तोही चांगला. खोबणीच्या दोन्ही टोकांना दोऱ्या ओवून दुहेरी गाठ मारा. प्लॅस्टिकची गाठ सरकते, एका गाठीवर विसंबू नका. एका दोरीच्या टोकाला मधलं बोट जाईल असा फासा करा. दुसरी दोरी टोकाला तशीच ठेवा आणि तिला वाखाचा किंवा सुताचा वीतभर झुबका बांधा. गोफण सोडताना हा झुबका चाबकासारखा वाजतो. बऱ्याच वेळा नुसत्या आवाजानंच थवा उठतो, गुंडा घालायची गरजच पडत नाही.

गुंडे मातीचे करा. पांढरीच्या मातीत थोडा भुसा कालवून लिंबाएवढे गोळे वळा आणि सावलीत वाळवा. मातीचा गुंडा पडला की फुटतो. दगड मात्र शेतात राहतो, काढणीच्या वेळी विळ्याची धार घालवतो आणि कणसाबरोबर मळणीयंत्रात गेला तर मोठं नुकसान करतो.

गोफण पाखरं उठवण्यासाठी आहे, मारण्यासाठी नाही. थव्याच्या पलीकडं, मोकळ्या जागी मारा. यांतल्या चिमण्या पिकावरच्या अळ्याही वेचून खातात. राघूला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पाखरं अडवायला शेतावर बारीक नायलॉनचा दोरा किंवा मांजा ताणू नका. त्यात पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात. असल्या मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातली आहे.

आणि एक गोष्ट पोराबाळांसाठी. गोफण खेळणं नव्हे. तिच्यातून सुटलेला गुंडा डोळा घेऊ शकतो. फिरवणाऱ्याच्या चारी बाजूंना वीस पावलांत कुणी नको, आणि समोर रस्ता, वस्ती किंवा शेजाऱ्याचं खळं नको. शिकणाऱ्यानं पहिले चार दिवस नुसती रिकामी गोफण फिरवावी.

हा दोर कुठं चालेल?

गाडीवर कडबा आवळायला, ताडपत्री ताणायला, कुंपणाचे बांबू बांधायला, फाटक बांधायला, कपडे वाळत घालायला, शिंकं करायला हा दोर चांगला. बाज विणायला तर फारच चांगला, पावसात भिजली तरी कुजत नाही. हा दोर पाण्यावर तरंगतो, त्यामुळं घागर सुटली तरी दोर हाती लागतो. बचत गटाच्या भगिनींनी फावल्या वेळात बाजा विणून दिल्या, तर गावातली फाटकी पोती गावातच कामाला लागतील.

दावं करायचं असेल तर जनावराच्या मानेभोवतीचा भाग जुन्या सुती कापडानं गुंडाळून शिवून घ्या. प्लॅस्टिक घाम शोषत नाही, मान सोलते, आणि त्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. खुंट्याकडची गाठ एका हिसक्यात सुटेल अशी मारा. गोठ्याला आग लागली तर गाठ सोडत बसायला वेळ मिळत नाही.

कुठं मुळीच वापरू नका?

विहिरीत माणूस उतरवायला हा दोर कधीही वापरू नका. उन्हाळ्यात गाळ काढायला, मोटार काढायला माणसं विहिरीत उतरतात. घरी वळलेला दोर वरून धडधाकट दिसतो, पण आतल्या पट्ट्या उन्हानं किती खाल्ल्या आहेत ते डोळ्यांना कळत नाही. विहिरीच्या काठावर तो घासला की एकेक पट्टी तुटत जाते. दोराचे चार पैसे वाचवताना घरचा माणूस जायला नको. त्या कामाला बाजारातून चांगला जाड दोर आणा, आणि तोही उतरण्याआधी हातभर हातभर तपासा.

बैलाच्या वेसणीलाही हा दोर नको. नाकाचं कातडं नाजूक असतं. वेसण सुताचीच असावी.

कडब्याच्या पेंढ्या या दोरीनं बांधू नका. पेंढी सोडताना तुकडा तसाच राहतो, कुट्टीयंत्रात जातो, बारीक होतो, आणि गव्हाणीतून जनावराच्या पोटात जातो. मग प्लॅस्टिक बांधावरून उचलून आपणच गाईच्या तोंडात दिल्यासारखं होतं. पेंढीला वाख, सुतळी किंवा ज्वारीचं ओलं ताटच बरं.

दोर म्हातारा झाला म्हणजे

प्लॅस्टिकच्या दोराचा शत्रू पाणी नव्हे, ऊन. काम झालं की दोर गुंडाळून सावलीत ठेवा. दर दोन महिन्यांनी पीळ थोडा उलगडून आत बघा. दोर हाताला खरखरीत लागला, भुकटी पडू लागली, केसासारखे तंतू उभे राहिले, की त्याचं काम संपलं. तो पेटवू नका, प्लॅस्टिकचा धूर घरातल्या लेकरांच्या छातीत जातो. उकिरड्यावरही टाकू नका, कारण उकिरड्याचं खत शेतातच जाणार. अशा दोराचे तुकडे, उसवताना उरलेल्या पट्ट्या, फाटक्या पिशव्या, सगळं एका पोत्यात साठवा आणि भंगारवाला आला की त्याला द्या.

बंधुभगिनींनो, नायलॉनचा दोर बाजारात मिळतो, तो घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. वाखाचा दोर परत आला तर सोन्याहून पिवळं. कुणाला जमत असेल त्यांनी यंदा बांधाला दोन ओळी अंबाडी जरूर लावावी. पण फाटकी पोती तर आज आपल्या दारात पडलेली आहेत. सुगीच्या आधी एका रिकाम्या दुपारी घरातली जाणती माणसं आणि शाळकरी मुलं एकत्र बसा आणि एक पोतं उसवून बघा. ज्यांच्या हातात वाख वळण्याचं कसब अजून आहे, त्यांना आधी बोलवा, मानानं बसवा आणि त्यांच्याकडून पीळ शिकून घ्या. पट्टी प्लॅस्टिकची असली तरी पिळाची विद्या त्यांचीच आहे.

हे लक्षात ठेवा

१. अखंड पोतं फाडू नका. औषधाची पिशवी वापरू नका.
२. पट्टी चिमटीत चोळून पाहा. भुकटी पडली तर पोतं भंगारात.
३. युरियाचं पोतं धुतलेलं पाणी जनावरांपासून दूर, झाडाच्या आळ्यात.
४. पेडाला एक पीळ, दोराला उलटा पीळ. जोड मागं-पुढं.
५. गोफणीला वेणी, दुहेरी गाठ, मातीचा गुंडा. वीस पावलांत कुणी नको.
६. विहिरीत माणूस उतरवायला, वेसणीला आणि कडब्याच्या पेंढीला हा दोर नाही म्हणजे नाही.
७. जुना दोर जाळू नका, उकिरड्यावर टाकू नका.